पॉपीची जाळी : कामाच्या नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४

१७ ऑगस्ट, शनिवार
आज लायब्ररीतल्या विणकामाच्या ग्रुपमध्ये ठरलं एकदाचं. चौकातल्या युद्धस्मारकाच्या मागची भिंत आहे तिच्यावर जाळी टाकायची आणि तिच्यावर क्रोशाची लाल पॉपी लावायची, ९ नोव्हेंबरच्या आत सगळं लावून व्हायला पाहिजे कारण रिमेम्ब्रन्स संडे (युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा रविवार) यंदा १० तारखेला आहे. साधारण दीड हजार फुलं लागतील असा अंदाज निघालाय, जाळी सहा मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. आम्ही नऊ बायका आणि एक रिटायर्ड पोस्टमन काका, ते विणत नाहीत पण शिडी, दोऱ्या, मोजमाप सगळं त्यांच्याकडे.

मी हात वर केला तेव्हा फार विचार केला नव्हता खरं तर. इथे इंग्लंडला येऊन अकरा वर्षं झाली, दर नोव्हेंबरला सुपरमार्केटच्या दारातल्या डब्यात पैसे टाकून कागदी फूल कोटाला लावते, पण ते नेमकं कशाचं हे नीट कधी विचारलंच नाही कोणाला. आता विणायचंय तर समजून घेऊन विणू, म्हणून ही वही.

२० ऑगस्ट, मंगळवार
पहिलं फूल झालं. वीस मिनिटं लागली. मध्ये काळी मॅजिक रिंग (ओढून बंद होणारा सुरुवातीचा फास), तिच्यात १२ मुके खांब (आखूड टाका), मग काळी लोकर तोडून लाल लावायची आणि चार पाकळ्या, प्रत्येक पाकळीत दोन साखळ्या आणि मग खांब (उंच टाका). आईने लहानपणी टीव्हीवरचे रुमाल करायला शिकवलं होतं तेच सगळं, हात विसरलेला नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार
गोंधळ झालाय आणि तो लिहून ठेवते म्हणजे पुढच्या वेळी कोणाचा वेळ जाणार नाही. सगळ्यांची फुलं आज एकत्र केली तर माझी तळहाताएवढी आणि बाकी निम्म्यांची रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी, आणि कडक. पॅटर्न एकच, लोकर तीच, सुई पण तीच चार नंबरची. अर्धा तास डोकं लावल्यावर कळलं की पॅटर्न अमेरिकन आहे. अमेरिकन माणूस डबल म्हणतो तो आपला खांब, आणि इंग्लिश बाई डबल म्हणते तो आपला मुका खांब! म्हणजे यांनी पाकळ्यांमध्ये सगळीकडे मुका खांबच घातला, पाकळी उंच होणार कशी. मी व्हिडिओ बघून केलं होतं म्हणून वाचले.

६३ छोटी फुलं झालीत. उसवायची नाहीत, कडेला कळ्यांसारखी लावू. मी पॅटर्न परत लिहून काढला, आकृती काढूनच, म्हणजे भाषेचा प्रश्नच येत नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार
काउंट २१४. आज वेगळीच चर्चा. पोस्टमन काका मूळ स्कॉटलंडचे, त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडच्या पॉपीला पाकळ्या चार आणि पान नाही. इंग्लंडच्या कागदी फुलाला पाकळ्या दोन आणि एक हिरवं पान, मी इतकी वर्षं लावतेय आणि कधी मोजल्या नव्हत्या. एडिंबराला १९२६ पासून स्वतःची फॅक्टरी आहे, लेडी हेग यांनी काढलेली, तिकडचं फूल तेव्हापासून वेगळं. आमच्या पॅटर्नमध्ये पाकळ्या चार, आणि सगळ्यात मोठ्या आजी (वय ८४, ग्रुपमध्ये सगळ्यात स्पीड त्यांचाच) म्हणाल्या पान पाहिजेच. शेवटी चार पाकळ्यांचं फूल आणि पानं जाळीला सुटी लावायची, दोघांना पटलं.

त्यानंतर मी घरी येऊन वाचत बसले ते रात्री दीडपर्यंत. मुळात हे फूल निवडलं कसं तर बेल्जियममध्ये ईप्र गावाजवळ मे १९१५ मध्ये जॉन मॅक्रे नावाच्या कॅनडाच्या मिलिटरी डॉक्टरने मित्र लढाईत गेल्यावर कविता लिहिली, क्रुसांच्या रांगांमध्ये पॉपी डोलतायत अशी. ती वाचून अमेरिकेत मोयना मायकेल या शिक्षिकेने नोव्हेंबर १९१८ मध्ये ठरवलं की मी कायम लाल पॉपी लावणार, दुकानातून रेशमी फुलं आणून लोकांना वाटली. मग अ‍ॅना गेराँ नावाच्या फ्रेंच बाईंनी तो विचार उचलला, फ्रान्समधल्या विधवांकडून कापडी फुलं करून घ्यायची आणि देशोदेशी विकायची, आणि त्या लंडनला येऊन ब्रिटिश लीजनच्या (माजी सैनिकांची संघटना) लोकांना पटवून गेल्या. ११ नोव्हेंबर १९२१ ला इथला पहिला पॉपी डे झाला, ९० लाख फुलं होती आणि सगळी संपली.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती त्याच्या पुढची गोष्ट. १९२२ साली मेजर जॉर्ज हाउसन यांनी लंडनला ओल्ड केंट रोडवर छोटी वर्कशॉप काढली, लढाईत अपंग झालेले पाच जण कामाला. फूल असं डिझाइन केलं होतं की एकच हात चालतो त्या माणसालाही ते जोडता यावं. देठ, पाकळी, काळं बटण, एका हाताने. हाउसन यांनी आईवडिलांना कळवलं होतं की हे फार चालेल असं वाटत नाही पण करून बघायला हवं. मी हे वाचल्यावर डावा हात मांडीखाली ठेवून नुसत्या उजव्या हाताने आमच्या फुलाला बटण लावायचा प्रयत्न केला. नाही जमत. फूल सरकत जातं टेबलावर, कशाने तरी दाबून धरावं लागतं. कोणीतरी किती वेळ बसून त्याचा विचार केला असेल.

८ सप्टेंबर, रविवार
मराठी मंडळाचा गणपती. आरती झाल्यावर मी दोन मिनिटं मागितली आणि सांगितलं की लोकर देते, पॅटर्न देते, कोणाला जमेल त्याने फुलं करून द्या. अकरा जणींनी नावं दिली, दोन मुलांनी पण. एका मावशींनी विचारलं की पॉपी म्हणजे खसखसच ना गं, अफूची? रास्त प्रश्न आहे. अफूची झाडं वेगळी, त्यांची खसखस आपण अनारशाला लावतो. हे फ्लँडर्सचं (बेल्जियमकडचा तो लढाईचा भाग) रानटी फूल, त्याला इंग्लिशमध्ये शेतातलं पॉपी म्हणतात, गव्हात उगवणारं तण आहे हे, शेतकऱ्याला नको असलेलं. त्याचं बी जमिनीत खाली वर्षानुवर्षं पडून राहतं, उजेड मिळाल्याशिवाय उगवतच नाही. तोफांनी जमीन इतकी उलथीपालथी झाली की खालचं सगळं बी वर आलं, आणि जिथे झाड सोडा गवताचं पातं उरलं नव्हतं तिथे सगळीकडे लाल. मावशी म्हणाल्या म्हणजे नांगरटच झाली की. हो, नांगरटच.

२४ सप्टेंबर, मंगळवार
काउंट ७३८ लिहिला होता तो आता ५९० करावा लागतोय.

एका ऑनलाइन दुकानातून स्वस्तात लाल कॉटन मागवलं होतं, लेबलवर रंग पक्का असं छापलेलं. माझ्या मनात शंका होती म्हणून एक फूल रात्रभर पाण्यात ठेवलं. सकाळी वाटीतलं पाणी बीटच्या कोशिंबिरीसारखं. खाली टिश्यू ठेवला होता तो गुलाबी. इथे नोव्हेंबरमध्ये पाऊस येणार म्हणजे येणारच, आणि स्मारकाचा दगड पांढरा, त्याच्यावर लाल ओघळ आले असते तर? विचार करूनच पोटात गोळा आला. आईला विचारलं तर म्हणाली मिठाच्या पाण्यात बुडव, ते पण करून पाहिलं, तिसऱ्या धुण्यालाही रंग जातोच आहे. १४८ फुलं बाजूला काढली. ती लायब्ररीच्या आतल्या खिडकीत लावणार, वाया नाही जाणार.

नियम : बाहेरच्या कामाला फक्त अ‍ॅक्रिलिक, आणि लोकरीच्या प्रत्येक नवीन गुंड्यातलं एक फूल आधी भिजवून बघायचं.

१ ऑक्टोबर, मंगळवार
आज आईचा फोन सकाळीच. म्हणाली आज घातचतुर्दशी आहे. पितृपंधरवड्यात इतरांचं श्राद्ध ज्याच्या त्याच्या तिथीला, पण जे शस्त्राने गेले त्यांचं चतुर्दशीला. मी हे ऐकलं असणार लहानपणी पण लक्षात नव्हतं. आपल्याकडे लढाईत गेलेल्यांसाठी तिथीच राखून ठेवलेली आहे आणि मी इथे बसून इंग्लंडच्या तिथीची फुलं विणतेय असं एकदम वाटून गेलं.

मग आईने ते काढलं. आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ, त्याच्याबद्दल घरात एकच वाक्य आहे, बसऱ्याला गेला तो आलाच नाही. फोटो नाही, पत्र नाही, कुठल्या पलटणीत होता ते नाही. सातारा भागात अशी वाक्यं किती घरांत असतील. आमच्या माहेरापासून थोड्या अंतरावर अपशिंगे, मिलिटरी अपशिंगेच म्हणतात त्याला, त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, तिथे इंग्रजांनी स्मारक बांधलंय. गावातल्या घराघरातून आजही कोणी ना कोणी फौजेत असतोच.

बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आताचा इराक. पुणे डिव्हिजन तिकडे गेली होती, त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी. ७ डिसेंबर १९१५ ला कुट गावात वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनेच सुटला, उपासमार झाली, आणि जे कैद झाले त्यातले किती तरी वाळवंटातून चालवत नेताना गेले. आमचे ते पणजोबा (पणजोबांचे भाऊ म्हणजे पणजोबाच) त्यात होते का नव्हते कोणास ठाऊक, घरातलं वाक्य तेवढंच आहे.

नाव कुठे असेल का म्हणून दुपारी शोधायला बसले. बसऱ्याला मोठं स्मारक आहे, ४० हजारांवर माणसांचं. त्याच्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीखाली फक्त आकडा. इतके शिपाई. बस. २०२१ मध्ये युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ कमिशननेच अहवाल काढून हे मान्य केलं आणि इथल्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांवर लोक गेले होते, त्यातले ७४ हजारांच्या आसपास परत आले नाहीत. मी स्क्रीनकडे बघत किती वेळ बसले मला माहीत नाही. नाव दगडावर लिहायला किती जागा लागते? दीड इंच?

संध्याकाळी ग्रुपमध्ये बोलले. म्हटलं जाळीच्या खालच्या कडेला मला झेंडूची रांग लावायची आहे, ४६ अपशिंग्याची आणि एक आमच्या घरचं. झेंडूच का, तर काही वर्षांपासून भारतातल्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या लष्करी अभ्यासाच्या संस्थेच्या लोकांनी पॉपीसारखं आपल्या सैनिकांच्या आठवणीचं फूल म्हणून झेंडूच पुढे केलाय, आणि आपल्या दारात तो असतोच. २०१४ ला टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात ८ लाख ८८ हजार २४६ मातीची पॉपी लावली होती, एक माणूस एक फूल, ती मोजणी माझ्या डोक्यात होती. वाटलं होतं कोणी तरी म्हणेल की लालमध्ये केशरी दिसेल विचित्र. कोणीच नाही म्हणालं. आजींनी फक्त विचारलं, ४७ ना, मग मला पॅटर्न दे, दहा माझे.

८ ऑक्टोबर, मंगळवार
काउंट १०२७. झेंडूचा पॅटर्न मिळेना मनासारखा, सगळे सपाट. शेवटी स्वतःच केला : लांब पट्टी, एका कडेला खांब, दर टाक्यात तीन तीन म्हणजे ती आपोआप झालरीसारखी मुरडते, मग गुंडाळत जायचं आणि मागून सुईदोऱ्याने शिवायचं. आत गडद केशरी, बाहेर पिवळा. हातात घेतलं की खरंच दसऱ्याच्या पाटीतला वाटतो, फक्त वास नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार
काल दसरा झाला, आज ब्रायटनजवळची हिंदी शिपायांच्या स्मारकाची छत्री बघून आलो, मी, नवरा, लेक, आजी आणि पोस्टमन काका. तासाभराचा ड्राइव्ह.

पॅचम गावाच्या वर उघड्या टेकडीवर आहे. गाडी खाली ठेवून शेतातून चढत जावं लागतं, आजी काठी टेकत आल्या, मध्ये तीनदा थांबलो पण कोणी हात धरला तर सोडवून घ्यायच्या. गवत भिजलेलं होतं, वारा म्हणजे कान दुखेपर्यंत. आणि मग एकदम समोर पांढरी संगमरवरी छत्री, आठ खांबांवर घुमट, आपल्याकडे राजेमहाराजांच्या समाधीवर असते तशीच, आजूबाजूला इंग्लंडची हिरवी टेकडी. पुढे तीन दगडी चौथरे, चिता रचल्या होत्या त्या जागेवर. ब्रायटनचा राजवाडा डिसेंबर १९१४ पासून हिंदी जखमींचं हॉस्पिटल होता, तिथे जे गेले त्यातल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना इथे अग्नी दिला. मुसलमान शिपायांना वोकिंगजवळ दफन केलं. या छत्रीचं डिझाइन मुंबईच्या एका तरुणाने केलंय, ई. सी. हेन्रिक्स, आणि १ फेब्रुवारी १९२१ ला उद्घाटन झालं. म्हणजे इथला पहिला पॉपी डे व्हायच्याही नऊ महिने आधी ही छत्री उभी होती.

जवळच २०१० साली लावलेल्या दगडावर ५३ जणांची नावं आहेत, उशिरा का होईना. लेक एकेक नाव मोठ्याने वाचत होती, तिला वाचायला वेळ लागत होता आणि कोणी तिला घाई केली नाही. मी झेंडूचं एक फूल नेलं होतं ते पायरीवर ठेवलं, मग वाऱ्याने उडून जाईल म्हणून काकांनी खिशातून दोरा काढून दिला. ठेवलं आणि पाच मिनिटांनी परत उचललं, उघड्यावर लोकर टाकून यायला नको, मेंढ्या असतात तिथे.

उतरताना आजी म्हणाल्या की आयुष्यभर इथून तासावर राहिले आणि हे आहे हे कोणी सांगितलंच नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
काउंट १३१०, झेंडू ३९. ग्रुपमधली एक जण पांढरी पॉपी करून घेऊन आली, पंधरा. पांढरी पॉपी १९३३ मध्ये को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्डच्या बायकांनी काढली, युद्धात ज्यांची माणसं गेली अशा त्यांच्यात कितीतरी होत्या, म्हणणं असं की पुन्हा नको हे आणि मेलेले सगळेच मोजा, दोन्हीकडचे, साधी माणसं पण. दोघी नाराज झाल्या, एकीचा मुलगा अफगाणिस्तानात जाऊन आलेला आहे, तिला तो अपमान वाटला. आवाज चढला नाही पण अर्धा तास कोणी विणलं नाही. मला दोघींचंही कळत होतं. पांढरी फुलं भिंतीवर नाही, लायब्ररीच्या खिडकीत लाल कॉटनवाल्यांच्या शेजारी लावायची ठरली, त्या मुलाच्या आईने स्वतःच सुचवलं ते.

२ नोव्हेंबर, शनिवार
पाडवा. सकाळी ओवाळणं उरकून दहाला चौकात. एकूण १५१२ पॉपी, ६३ कळ्या, ४७ झेंडू. जाळी हिरवी, बागेत वेलींना लावतात ती, आणि फुलं आधीच हॉलमध्ये जमिनीवर पसरून बांधली होती. कामाचं : लोकरीने बांधलं तर ओलं झाल्यावर गाठ सैल होते, केबल टाय वापरा, आणि टोकं मागच्या बाजूला वळवून कापा नाहीतर मुलांच्या बोटांना लागतात. वजन भिजल्यावर दुप्पट होतं म्हणून वरून मध्ये मध्ये हूक पाहिजेत, आम्ही पाच लावले, काकांनी सात करायला लावले आणि तेच बरोबर होतं कारण दुपारी धो धो आला. तास दीड तास आम्ही समोरच्या बेकरीच्या शेडखाली उभं राहून दगडाकडे बघत होतो. एक थेंब लाल नाही.

मंडळातल्या जणींनी शंकरपाळे आणि चकल्या आणल्या होत्या, शिडीवरच संपल्या.

१० नोव्हेंबर, रविवार
अकरा वाजता चौकात उभं राहायला जागा नव्हती. बिगुल, मग दोन मिनिटं. एवढ्या माणसांमध्ये फक्त झेंड्याची दोरी काठीवर आपटत होती तेवढाच आवाज. समोरच्या रांगेत व्हीलचेअरवर एक आजोबा, मेडलं लावून, मांडीवर ब्लँकेट, त्यांनी बिगुल संपेपर्यंत हात कपाळाला लावून ठेवला होता आणि कोपर थरथरत होतं, मागे उभ्या नातीने त्याला खालून हळूच आधार दिला.

नंतर लोक जाळीजवळ येऊन फोटो काढत होते आणि झेंडू कशाचे विचारत होते. आम्ही छोटी पाटी लावली होती पण मी तोंडानेच सांगत राहिले, अपशिंगे, सातारा, ४६, परत परत, एका गृहस्थांनी तर अपशिंगे तीनदा म्हणून बघितलं, बरोबर जमेपर्यंत. आईला व्हिडिओ कॉल लावला होता. ती काही बोलली नाही, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली कॅमेरा खालच्या रांगेवर ने, शेवटच्या फुलावर थांब.

१६ नोव्हेंबर, शनिवार
उतरवली. धुऊन रेडिएटरवर वाळत घातली सगळी, घरभर लाल. चार डबे झाले, वर मार्करने आकडे लिहिलेत. डोनेशनचा डबा पॉपी अपीलच्या (सैनिकांसाठी पैसे गोळा करतात ते) माणसाकडे मोजून दिला.

आईने एक सांगितलं ते माहीत नव्हतं मला. तिच्या वडिलांच्या तोंडी पॉपी डे हा शब्द होता, स्वातंत्र्याआधी आपल्याकडेही ११ नोव्हेंबरला कागदी पॉपी देऊन सैनिकांसाठी पैसे गोळा करायचे. १९४९ पासून त्याच्या जागी ७ डिसेंबरचा ध्वजदिन आला. शाळेत टाचणीने लावून द्यायचे तो लाल, गडद निळा, फिकट निळा छोटा झेंडा, घरून सुट्टे पैसे न्यायचो त्यासाठी, तो ह्याचाच भाऊ. आणि ७ डिसेंबर हीच कुटच्या वेढ्याची तारीख, योगायोगच असणार, पण मला आता ती तारीख तशीच लक्षात राहणार.

पुढच्या वर्षीसाठी : लोकर जूनमध्येच घ्यायची. आकृतीवाला पॅटर्न सगळ्यांना. हूक नऊ. झेंडू वाढवायचे, मंडळातल्या सगळ्यांना विचारायचं की तुमच्या घरात असं कोणी आहे का, जेवढी घरं सांगतील तेवढी फुलं.

४६ झेंडू डब्यात आहेत. एक माझ्या पर्समध्ये, ४ डिसेंबरला साताऱ्याला चाललेय, ७ तारखेला आईबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात निधी द्यायला जायचंय आणि ते फूल देवघराशेजारच्या भिंतीवर लावायचंय, जिथे पणजोबांचा फोटो आहे आणि त्याच्या बाजूला खिळा रिकामा आहे.